माझ्या पाठीवर

माझ्या लहानपणी आमच्याकडे डोहाळजेवण असलं की गल्लीतल्या पाच-सहा वर्षांच्या मुलींना आवर्जून बोलवायचे. ओटी भरताना गरोदर बाईच्या शेजारी एक मुलगी बसवायची, आणि ती चांगल्या पाठीची लागायची. म्हणजे जिच्या पाठीवर भाऊ झालाय आणि जगलाय अशी. धाकट्या काकूच्या डोहाळजेवणाला मी नवं परकर-पोलकं घालून तिच्या पाटाला पाट लावून बसले होते. आजीनं दंडाला धरून मला उठवलं. "ऊठ गं तू. हिच्या पाठीवर टिकत न्हाई." वाक्याचा अर्थ तेव्हा लागला नाही. उठवलं एवढंच कळलं, आणि माझ्या जागी शेजारची मुलगी बसली.

मी १९७२ ची, दुष्काळातली. तासगाव तालुक्यातलं आमचं गाव. मी आईची पहिली. माझ्या पाठचा भाऊ १९७४ साली झाला. झाला तेव्हा रडला, दूध प्यायला, आणि दिवस मावळायच्या आत पिवळा पडला. कावीळ उतरवणाऱ्या माणसाकडून मुळ्यांची माळ आणून त्याच्या गळ्यात घातली. तिसऱ्या दिवशी तो गेला. १९७६ ला बहीण झाली ती आठव्या महिन्यात, अंगानं सुजलेली आणि गेलेलीच. त्यानंतर आईला मूल झालं नाही. वडिलांना दुसरं लग्न कर म्हणून पुष्कळांनी सांगितलं. त्यांनी केलं नाही.

आजीवर माझा राग नाही. तिनं स्वतःच्या हातानं दोन नातवंडं मातीआड केली होती आणि त्याचं कारण तिला कुणी सांगितलं नव्हतं. कारण कळलं नाही की माणसं समोर जे दिसतं ते धरतात. समोर मी होते.

आज हे लिहायला बसले त्याचं कारण पुढे येईलच. मी गेली तीस वर्षं ब्लड बँकेत टेक्निशियन आहे. रक्ताचे गट तपासणं, क्रॉसमॅच करणं म्हणजे दात्याचं रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळतं का बघणं, बॅगा देणं हे माझं काम. हे काम मी का धरलं ते घरच्यांनाही पूर्ण माहीत नाही.

१९९२ साली मिरजेला डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, करताना सरांनी एके दिवशी फळ्यावर लिहिलं: आई आरएच निगेटिव्ह, वडील पॉझिटिव्ह. पहिलं बाळ सुखरूप. दुसऱ्याला जन्मतःच कावीळ. तिसरं पोटातच सुजून दगावतं. मी उतरवून घेत होते. तिसऱ्या ओळीवर माझं पेन थांबलं. त्या शनिवारी गावी गेले, आईचं आणि वडिलांचं रक्त बल्बमध्ये, म्हणजे रक्ताच्या छोट्या बाटल्यांत, घेतलं आणि बर्फ भरलेल्या थर्मासमधून एसटीनं मिरजेला आणलं. वडील ओ पॉझिटिव्ह. मी ओ पॉझिटिव्ह. आई ओ निगेटिव्ह.

आता हे नीट सांगते. शरीर रोगाशी कसं लढतं हे मी पुस्तकात वाचलं ते नंतर. आधी ते मला माझ्या आईच्या रक्तातून कळलं.

तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर डी नावाचं एक प्रथिन असतं. ज्यांच्याकडे आहे ते आरएच पॉझिटिव्ह, नाही ते निगेटिव्ह. आपल्याकडे शंभरात साधारण पाच माणसं निगेटिव्ह असतात. त्यात आजार काही नाही. अशी माणसं इतरांसारखीच धडधाकट असतात. फक्त त्यांच्या शरीरानं डी कधी पाहिलेला नसतो. तो त्यांच्या ओळखीचा नाही, एवढीच गोष्ट आहे, आणि पुढचं सगळं या एवढ्याशा गोष्टीतून घडतं.

आपल्या रक्तात बी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. प्रत्येक बी-पेशीला एकाच आकाराचे हात असतात आणि त्या हातात बसेल तीच वस्तू ती पकडते. जगात जंतू किती तऱ्हेचे, उद्या कुठला नवा येईल याचा नेम नाही. मग इतके वेगवेगळे हात शरीर आणतं कुठून? आमची आई गोधड्या शिवते. तिच्या बोचक्यात जुन्या लुगड्यांचे, सदऱ्यांचे ठराविक तुकडे असतात, पण एका गोधडीसारखी दुसरी गोधडी मी कधी पाहिली नाही. बी-पेशी असंच करते. हाताची कृती लिहिलेली जनुकं तुकड्यातुकड्यांत असतात. प्रत्येक नवी पेशी त्यातले काही तुकडे उचलून आपल्यापुरते जोडते आणि बाकीचे कापून टाकते. सुसुमु तोनेगावा या जपानी शास्त्रज्ञानं १९७६ साली हे दाखवलं आणि १९८७ ला त्याला नोबेल मिळालं. त्याआधी असं मानत असत की जन्मभर प्रत्येक पेशीतली जनुकं जशीच्या तशी राहतात.

तुकडे असे आंधळेपणानं जोडले तर काही हात आपल्याच शरीराला धरणारे निघणार. तसे ते निघतात. म्हणून हाडांच्या मगजातच, पेशी बाहेर पडायच्या आधी, त्यांची परीक्षा होते. स्वतःच्या शरीरातली वस्तू जी घट्ट धरेल ती पेशी तिथेच अडवली जाते. तुमच्या-माझ्यासारख्या पॉझिटिव्ह माणसात डी पकडणाऱ्या पेशी याच परीक्षेत गळतात. माझ्या आईत त्या गळल्या नाहीत. गळायचं काही कारणच नव्हतं, कारण तिच्या शरीरात डी नव्हता. गोवराच्या, देवीच्या, कधी न आलेल्या कितीतरी रोगांच्या वाट बघणाऱ्या पेशींमध्ये डी पकडणाऱ्या काही पेशीही तिच्यात गुपचूप बसून होत्या.

मग मी झाले. वार सुटताना बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात जातं. थोडं म्हणजे अगदी थोडं. एक मिलिलीटर, चहाच्या चमच्याचा पाचवा हिस्सा, तेवढंही पुरतं. माझ्या तांबड्या पेशी आईच्या प्लीहेत, रक्त गाळणाऱ्या अवयवात, पोचल्या आणि तिथं त्या वाट बघणाऱ्या पेशीला तिच्या हातात नेमकं बसणारं काहीतरी मिळालं. पण एकट्या बी-पेशीच्या सांगण्यावर शरीर लगेच विश्वास ठेवत नाही. तिला पकडलेल्या वस्तूचा तुकडा टी-पेशीला दाखवावा लागतो, आणि टी-पेशीनंही 'हे आपलं नाही' म्हटलं तरच पुढची चक्रं फिरतात. मग ती एक बी-पेशी दुभंगत जाते, तिच्या हजारो लेकी होतात आणि त्या रक्तात अँटीबॉडी, म्हणजे तेच हात सुटे करून, सोडायला लागतात. याला आठवडे लागतात, कधी महिने. तोवर मी पाळण्यात होते. म्हणून मी वाचले.

पहिल्या फेरीतली अँटीबॉडी आयजीएम. पाच तुकडे एकत्र बांधलेली, दहा हातांची, मोठी. ती वारेतून पलीकडे जात नाही. नंतर तयार होते ती आयजीजी, दोन हातांची, लहान. तिला मात्र वार स्वतःहून पलीकडे नेते. आणि ती नेते ते चांगल्यासाठीच. आईला जे जे रोग होऊन गेले त्यांच्या अँटीबॉडी शेवटच्या दोन-तीन महिन्यांत बाळाला मिळतात, म्हणून नवजात बाळ पहिले काही महिने गोवरापासून सुरक्षित राहतं. आपल्याकडे गोवराची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात ती याच कारणानं. आईकडची शिदोरी रक्तात असताना लस दिली तर ती शिदोरीच लसीला खाऊन टाकते. मलाही आईनं अशी शिदोरी दिली. माझ्या भावालाही दिली. फक्त त्याच्या शिदोरीत डी विरुद्धची अँटीबॉडीही होती.

तो पोटात आला तेव्हा आईच्या शरीराला शिकायला महिने लागले नाहीत. मागच्या वेळच्या पेशींपैकी काही जपून ठेवलेल्या असतात, त्यांना स्मृतिपेशी म्हणतात. त्यांना पुन्हा तीच वस्तू दिसली की काही दिवसांत आयजीजीचा पूर येतो. लसीचा दुसरा डोस जे करतो तेच. त्या अँटीबॉडी भावाच्या तांबड्या पेशींना चिकटल्या, आणि अँटीबॉडी चिकटलेली पेशी म्हणजे खाण्यासाठी खूण केलेली पेशी. प्लीहेतल्या भक्षक पेशी ती खूण धरून तिला गिळतात. तांबड्या पेशी फुटल्या की पिवळं द्रव्य तयार होतं, बिलीरुबिन. पोटात असेतो ते वारेवाटे आईकडे जातं आणि आईचं यकृत ते निस्तरतं. नाळ कापली की ती सोय संपते. बाळाचं यकृत कोवळं, त्याला ते झेपत नाही. म्हणून भाऊ जन्मला तेव्हा बरा दिसला आणि संध्याकाळी पिवळा पडला. बिलीरुबिन मेंदूत शिरलं की बाळ जाऊ शकतं. बहिणीच्या वेळी आईच्या अँटीबॉडी आणखी वाढलेल्या होत्या, त्यामुळे तिच्या पेशी पोटातच संपल्या आणि ती पाण्यानं सुजली.

१९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या लेव्हिन आणि स्टेटसन यांनी अशाच एका बाईची हकिगत छापली होती. मूल गेलेलं जन्मलं, तिला नवऱ्याचं रक्त चढवलं आणि ते तिच्या शरीरानं झिडकारलं. बाळाकडून आलेलं जे तिला सोसलं नव्हतं, ते नवऱ्याच्या रक्तातही होतं, असा त्यांनी निष्कर्ष काढला. आमच्या गावात माळा बांधत होते त्याच्या पस्तीस वर्षं आधी हे छापून आलेलं होतं.

वर्गात बसून हे समजलं त्या दिवशी मला जड गेलं ते वेगळंच. आजीचं वाक्य साफ खोटं असतं तर मी ते टाकून दिलं असतं. पण आईच्या शरीरानं डी शिकला तो माझ्यामुळे. माझ्याच रक्ताच्या त्या थेंबानं. मी निगेटिव्ह असते तर भाऊ जगला असता, कदाचित बहीणही. माझ्या पाठीवर टिकलं नाही हे खरंच होतं. वीस वर्षांच्या मुलीला हे पचवायला वेळ लागतो. मला काही वर्षं लागली, आणि पचलं ते कामामुळे. काम करताना मी रोज बघते की यात कुणाचाच दोष नसतो. आईच्या शरीरानं काही चूक केली नव्हती. अनोळखी वस्तू आली, ती त्यानं ओळखली, लक्षात ठेवली, पुन्हा दिसली तेव्हा तत्परतेनं हटवली. गोवराशी ते असंच लढलं असतं आणि आपण त्याला शाबासकी दिली असती.

कोविडनंतर मला सगळे विचारतात, इम्युनिटी वाढायला काय घेऊ? काढा, चूर्ण, गोळ्या, सगळ्यांच्या स्वयंपाकघरात डबे झालेत. मी त्यांना मनापासून सांगते की पोटभर जेवा, झोपा, लसी घ्या, साखर ताब्यात ठेवा. 'वाढवणं' हा शब्दच मला पटत नाही. माझ्या आईची प्रतिकारशक्ती उत्तम होती. तिच्या शरीराचा जोर कुठेही कमी पडला नाही. ही सगळी यंत्रणा जोरावर चालत नाही, ओळखीवर चालते. कुणाला धरायचं, आणि त्याहून महत्त्वाचं, कुणाला सोडायचं.

सोडण्यावरून एक सांगते. १९५३ मध्ये पीटर मेडावार या ब्रिटिश शास्त्रज्ञानं प्रश्न विचारला की बाळ निम्मं वडिलांचं असतं, म्हणजे आईच्या शरीराला निम्मं परकं. दुसऱ्याची कातडी लावली तर शरीर ती काही दिवसांत फेकून देतं. मग बाळाला नऊ महिने कसं ठेवतं? त्याची उत्तरं हळूहळू मिळत गेली. वारेच्या बाहेरच्या थरातल्या पेशी ओळखीच्या नेहमीच्या खुणा अंगावर ठेवतच नाहीत, एक वेगळीच शांत राहायला सांगणारी खूण दाखवतात. शिवाय आईच्या रक्तात काही टी-पेशी असतात, ज्यांचं कामच बाकीच्यांना आवरणं. जपानच्या शिमॉन साकागुची यांनी १९९५ मध्ये त्या दाखवल्या. त्यांना आणि अमेरिकेच्या मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांना मिळून २०२५ चं नोबेल मिळालं, तेव्हा ती बातमी मी ब्लड बँकेत मोबाईलवर दोनदा वाचली. माझ्या बहिणीला आईनं आठव्या महिन्यापर्यंत सांभाळलं होतं. तिच्या अंगातली बाकी सगळी परकी प्रथिनं आईच्या शरीरानं चालवून घेतली होती. त्या एका डी वर सगळं फसलं.

माझ्या टेबलावर हे कसं दिसतं ते आता दाखवते.

एखाद्या निगेटिव्ह बाईच्या रक्तात डी विरुद्ध अँटीबॉडी आहे का, हे बघायला आम्ही आयसीटी करतो, इनडायरेक्ट कूम्ब्स. तिचं सिरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणारं पिवळसर पाणी, दोन थेंब आणि ओ पॉझिटिव्ह पेशींचं पातळ द्रावण एक थेंब एका काचेच्या ट्यूबमध्ये घ्यायचं, सदतीस अंशावर ठेवायचं. अँटीबॉडी असेल तर या वेळात ती पेशींना चिकटते. पण डोळ्यांना काही दिसत नाही. आयजीजीला हात दोनच आणि ते आखूड. तांबड्या पेशी एकमेकींना दूर लोटतात, त्यामुळे एका अँटीबॉडीला दोन्ही बाजूंच्या पेशी एकदम धरता येत नाहीत. मग सलाईननं तीनदा धुवायचं. हे धुणं सगळ्यात महत्त्वाचं. नव्या मुली इथेच घाई करतात. सिरमचा लवलेश राहिला तर पुढचं रसायन त्यातच खर्ची पडतं आणि पॉझिटिव्ह चाचणी निगेटिव्ह दिसते. मी ट्यूब उलटी करून शेवटचा थेंब टिपकागदावर टेकवते, तेव्हाच माझं समाधान होतं. त्यानंतर कूम्ब्स सिरमचे दोन थेंब. ही माणसाच्या अँटीबॉडीला धरणारी अँटीबॉडी. ती दोन पेशींवरच्या आयजीजींना जोडणारा पूल होते. रॉबिन कूम्ब्सला ही कल्पना महायुद्धाच्या काळात, लंडनहून केंब्रिजला परतताना अंधुक उजेडाच्या आगगाडीत सुचली. त्यानं, मोरंटनं आणि रेसनं १९४५ मध्ये ती छापली.

सेंट्रिफ्यूजमधून, म्हणजे ट्यूब गरगर फिरवणाऱ्या यंत्रातून, ट्यूब काढली की तळाशी तांबडं बटन बसलेलं असतं. ट्यूब तिरकी धरून अगदी हलकेच हलवायची. अँटीबॉडी नसेल तर बटनाच्या कडेतून पेशी उदबत्तीच्या धुरासारख्या वर निघतात आणि सगळं पाणी एकसारखं गुलाबी होतं. असेल तर बटन उखडतं ते ढेकळासारखं, आणि आजूबाजूचं पाणी स्वच्छ राहतं. तीस वर्षं झाली तरी ट्यूब तिरकी करताना त्या क्षणी माझा श्वास थांबतो.

एबीओ गटाच्या अँटीबॉडीला एवढी यातायात लागत नाही. त्या बहुतेक आयजीएम, त्यामुळे थेंब मिसळले की पांढऱ्या टाईलवर लगेच पेशींच्या गुठळ्यांचा रवा पडतो. पण त्यांची गंमत निराळी. ओ गटाच्या माणसानं ए किंवा बी रक्त जन्मात कधी घेतलेलं नसतं, तरी त्याच्यात दोन्ही विरुद्ध अँटीबॉडी असतात. त्या त्यानं शिकल्या पोटातल्या जंतूंकडून. ए आणि बी या साखरेच्या खुणा आहेत आणि तशाच साखरा आतड्यातल्या साध्या जंतूंच्या अंगावरही असतात. १९५९ मध्ये स्प्रिंगर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कोंबडीची पिल्लं पूर्ण निर्जंतुक वाढवून पाहिली, तर त्यांच्यात बी विरुद्धची अँटीबॉडी झालीच नाही. आपल्या शरीराच्या बहुतेक ओळखी अशा बाळपणीच, कुणाच्या ध्यानीमनी नसताना होऊन जातात. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये जो बॉम्बे गट जगापुढे ठेवला तो याच जातीचा. या लोकांत ए आणि बी तर नाहीच, त्याखालची एच ही मूळ साखरही नाही, त्यामुळे ओ गटाचं रक्तसुद्धा त्यांना परकं. त्या लेखावरही रेसचं नाव आहे, कूम्ब्सच्या जोडीचा तोच रेस. आम्हा ब्लड बँकवाल्यांना ते नाव दिसलं की घरचं माणूस भेटल्यासारखं वाटतं.

या एबीओमुळेच शेवटी उपाय सापडला. डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं की आई ओ निगेटिव्ह आणि बाळ ए पॉझिटिव्ह असेल तर आईच्या शरीराला डी फारसा शिकता येत नाही. आईकडे ए विरुद्ध अँटीबॉडी आधीच तयार असते. बाळाच्या पेशी आत येतात आणि प्लीहेतल्या शिकणाऱ्या पेशींनी बघायच्या आधीच नाहीशा होतात. गट जुळणारा असताना शंभरात सोळा आया शिकत, न जुळणारा असताना जेमतेम दोन. आमच्या घरात आई ओ, वडील ओ. ते ए असते आणि मी ए निघाले असते तर... हे मी फार वेळा मनात घोळवलं आहे.

मग लिव्हरपूलच्या सिरिल क्लार्क आणि रोनाल्ड फिन यांनी विचार केला की हेच आपण हातानं का करू नये? क्लार्क डॉक्टर होते आणि फुलपाखरांचे मोठे अभ्यासक, पंखांवरच्या नक्षीच्या आनुवंशिकतेतून ते रक्तगटांकडे वळले. अमेरिकेत फ्रेडा, गोर्मन आणि पोलॅक त्याच वाटेवर होते. बाळंतपणानंतर आईला डी विरुद्धची तयार अँटीबॉडी, म्हणजे अँटी-डी, टोचायची. ती बाळाच्या पेशी गोळा करून संपवते, आईचं शरीर स्वतः काही शिकतच नाही, आणि टोचलेली अँटीबॉडी काही महिन्यांत विरून जाते. १९६८ मध्ये अमेरिकेत या औषधाला परवाना मिळाला. मी चार वर्षांनी जन्मले, पण आमच्या गावच्या सुईणीपर्यंत ते पोचलं नव्हतं.

आणि हे औषध बनतं कशातून? ज्यांच्या रक्तात ही अँटीबॉडी आहे अशाच माणसांच्या प्लाझ्मातून. ऑस्ट्रेलियाच्या जेम्स हॅरिसन यांनी त्यासाठी १,१७३ वेळा दान केलं. एक्क्याऐंशीव्या वर्षी त्यांना नियमानं थांबवलं. २०२५ मध्ये ते गेले. त्यांच्या दानातून चोवीस लाख बाळांना फायदा झाला असं तिथली रक्तसंस्था सांगते. माझ्या आईच्या अंगात होतं ते हेच. आमच्या घरात त्यानं दोन पाळणे रिकामे केले, त्यांच्या हातून लाखो भरले.

आता लिहायचं कारण. गेल्या पावसाळ्यात चोवीस-पंचवीस वर्षांची एक मुलगी आली, सहावा महिना, ए निगेटिव्ह. तिची आयसीटी मी केली. बटन उखडलं ते अख्खं. सिरम पातळ करत गेले, एकास चौसष्टपर्यंत क्लम्प, म्हणजे गुठळ्या, येत राहिले. मी तिला विचारलं, पहिलं बाळंतपण का? ती हो म्हणाली. सासू बाहेर गेली तेव्हा हळूच म्हणाली, मॅडम, आधी एकदा तिसऱ्या महिन्यात खाली झालं होतं. एका लहानशा दवाखान्यात पिशवी साफ केली होती. तिथं रक्तगट बघितला नव्हता, अँटी-डी चं नाव कुणी काढलं नव्हतं. तिला वाटलं होतं की तो काही जन्म नाही, तेव्हा मोजायचा कशाला. घरातही ती गोष्ट पुसून टाकलेली. पण शरीरानं ती मोजली होती.

तिला पुण्याला पाठवलं. बाळाला पोटातच दोनदा रक्त चढवावं लागलं, ओ निगेटिव्ह, आईच्या सिरमशी जुळवून घेतलेलं. बाळ वाचलं. तिनं फोटो पाठवला, टोपडं घातलेला. पण प्रत्येकीला पुण्यापर्यंत पोचता येत नाही, म्हणून कळकळीनं सांगते. निगेटिव्ह बाईचं गर्भपातानंतर, गर्भ नळीत राहिला असेल तर त्यानंतर, पोटाला मार बसला तर त्यानंतरही अँटी-डी चुकवू नका. अठ्ठाविसाव्या आठवड्यात एक, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बहात्तर तासांच्या आत दुसरं. पहिलंच आहे म्हणून सोडायचं नाही. पहिल्याच वेळी घ्यायचं असतं, कारण एकदा शरीर शिकलं की या इंजेक्शनचा काही उपयोग होत नाही. आणि खाली झालेलं सासरी सांगायचं नसेल तर नका सांगू, डॉक्टरला मात्र सांगा.

माझ्या आईचं शरीर काय काय विसरलं असेल याचा मी खूप वर्षं विचार करत होते. २०१९ मध्ये तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा तिचा नमुना माझ्याच टेबलावर आला. बहीण गेल्याला त्रेचाळीस वर्षं झाली होती. आयसीटी आम्ही ठेवलेल्या ओ पॉझिटिव्ह पेशींवर केली. पॉझिटिव्ह आली. अँटीबॉडी सोडणाऱ्या काही पेशी हाडांच्या मगजात वर्षानुवर्षं तग धरून राहतात, त्या अजून काम करत होत्या. रिपोर्ट लिहिला, ओ निगेटिव्ह बॅगा राखून ठेवल्या.

मग ड्यूटी संपल्यावर मी सहकारी मुलीला माझ्या हातातून दोन मिलिलीटर रक्त काढायला सांगितलं. पेशी धुतल्या, द्रावण केलं आणि आईच्या सिरममध्ये माझा थेंब घातला. तासभर वाट बघितली. तीनदा धुतलं. ट्यूब तिरकी केली. बटन एकदम नाही, जरा कुरकुरत सुटलं, आणि पाण्यात बारीक बारीक दाणे तरंगले. वन प्लस, म्हणजे हलकी पॉझिटिव्ह. आईच्या रक्तानं मला ओळखलं होतं.

दुसऱ्या दिवशी गावी गेले. ती ओसरीवर गोधडीला टाके घालत बसली होती. मी शेजारी बसून सगळं सांगितलं, जेवढं सोपं करता आलं तेवढं. भावाचं, बहिणीचं, माझ्या थेंबाचं. ती ऐकत होती, सुई चालू होती. आजीचं वाक्य मी काढलं तेव्हा ती थांबली.

"तुज्या आजीला म्हाईत नव्हतं गं," ती म्हणाली. "मला बी नव्हतं."

मग बराच वेळ काही बोलली नाही. दोरा संपला, तिनं दातानं तोडला.

"आन काल तुजं रगत घेतलंस व्हय त्यात?"

"हो."

"कुठनं?"

मी बाही वर केली. कोपराच्या आत निळी खूण उमटली होती. तिनं माझा हात मांडीवरच्या गोधडीवर ओढून घेतला आणि अंगठ्यानं ती जागा चोळत बसली.